उसना उच्चार आणि आपली बोली
(लंडनच्या एका गायक-मंडळीची कथा. नभोवाणीवरील भाषण)

आजचा विषय ऐकून आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. ज्यानें सारी हयात मराठी व्याकरण आणि निबंध शिकविण्यांत घालविली, त्यानें लंडनच्या गल्ल्यांतील तरुण गायकांविषयीं बोलावें, हें कांहींसें चमत्कारिकच आहे. परंतु त्याला कारण घडलें तें माझ्या घरांतच. माझ्या थोरल्या मुलीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. सुटींत तो आमच्याकडे आला असतां दिवसभर कानाला इअरफोन लावून कांहींतरी ऐकत बसे. एके दिवशीं मीं त्याला विचारिलें, "काय रे ऐकतोस?" तो म्हणाला, "आजोबा, हें गाणें नाहीं, हें बोलणें आहे. पण तालावरचें बोलणें." मग तें मींहि ऐकलें. पहिल्या वेळीं कांहीं उमगलें नाहीं. दुसऱ्या वेळीं एवढें ध्यानांत आलें कीं, मी पुस्तकांत शिकलों तें हें इंग्रजी नव्हे. तिसऱ्या वेळीं मात्र मी सावरून बसलों. कारण प्रश्न माझ्या धंद्याचाच निघाला. मनुष्यानें आपलें म्हणणें कोणत्या भाषेंत मांडावें, शाळेंत शिकविलेल्या कीं घरीं शिकलेल्या?

त्या मंडळीचें नांव 'लंडन पॉसी'. 'पॉसी' हा मूळचा लॅटिन शब्द. पूर्वीं इंग्लंडांत चोर-दरोडेखोरांचा पाठलाग करण्यासाठीं परगण्याचा अधिकारी गांवकऱ्यांची जी टोळी गोळा करी, तिला हें नांव होतें. तो शब्द अमेरिकेंत गेला, तेथून चित्रपटांवाटे जमेका बेटांत पोंचला, आणि तेथल्या तरुणांनीं 'आपली टोळी, आपले सोबती' या अर्थानें तो उचलला. शेवटीं जमेकांतून आलेल्या लोकांच्या तोंडीं तो पुनः लंडनला परत आला. या मंडळीची कथाहि बरीचशी अशीच फिरून घरीं येण्याची आहे.

प्रथम रॅप म्हणजे काय तें थोडक्यांत सांगतों. चार ठोक्यांच्या ठाशीव तालावर यमक आणि अनुप्रास साधीत भरभर बोलत जाणें, यास रॅप म्हणतात. चारांपैकीं दुसरा व चौथा ठोका जोरकस असतो, आणि मिनिटास साधारणपणें ९० ते ११० ठोके पडतात. स्वरांचा विस्तार त्यांत जवळजवळ नसतोच. सारी गंमत शब्दांच्या वजनांत. ज्यांनीं कीर्तनांत अमृतरायांचे कटाव ऐकले असतील, त्यांस ही जात अगदींच परकी वाटूं नये. कटावांत शब्दावर शब्द आदळत जातो, बुवांनीं श्वास घेतला तरी कोठें असें ऐकणाऱ्यास वाटूं लागतें, आणि ते समेवर येऊन थांबले म्हणजे सभाहि सुटकेचा निःश्वास टाकिते. रॅपमध्यें तोच प्रकार. मात्र विषय देवादिकांचा नसून गल्लींतला, नोकरी-बेकारीचा, पोलिसांचा आणि बहुधा स्वतःच्या बढाईचा असतो.

या कलेचा जन्म न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागांतला. ११ ऑगस्ट १९७३ रोजीं तेथल्या एका इमारतींत एका मुलीनें मेजवानी केली, आणि तींत तिचा भाऊ तबकड्या वाजवीत होता. 'कूल हर्क' या नांवानें तो पुढें प्रसिद्धीस आला, आणि तीच तारीख या कलेचा वाढदिवस म्हणून पाळतात. त्याची युक्ति साधी होती. गाण्याच्या मध्यें जेथें नुसते ढोल वाजतात तो तुकडा नाचणारांस सर्वांत आवडतो, हें त्यानें हेरिलें. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून, एकीवरचा तुकडा संपतांच दुसरीवरचा चालू करावा, आणि तोंवर पहिली उलटी फिरवून ठेवावी. याप्रमाणें कांहीं क्षणांचा तुकडा त्यानें वाटेल तितका लांबविला. त्या लांबविलेल्या तालावर कोणी उभें राहून बोलूं लागलें, आणि रॅप झाला.

आतां एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. हा कूल हर्क जन्मला जमेकांतील किंग्स्टन शहरीं, आणि १९६७ मध्यें तो न्यूयॉर्कला गेला. जमेकांत मोठमोठे कर्णे रस्त्यांत मांडून तबकड्या लावण्याची आणि त्यांवर कोणीं तालांत बोलण्याची चाल आधींपासूनच होती. जमेकांतून एक प्रवाह असा न्यूयॉर्कला गेला. दुसरा त्याच्याहि आधीं लंडनला गेला होता. 'एंपायर विंडरश' नांवाची आगबोट टिलबरी बंदरास लागली, आणि २२ जून १९४८ रोजीं वेस्ट इंडीज बेटांतील शेंकडों माणसें कामधंद्यासाठीं इंग्लंडांत उतरलीं. त्यांच्यामागून हजारों आलीं. त्यांनीं इस्पितळें, बसगाड्या, कारखाने चालविले. आणि आपले कर्णे व आपली बोलीहि बरोबर आणिली.

या लोकांच्या मुलांचें पुढें काय झालें, हें शिक्षक या नात्यानें मला विशेष जाणून घ्यावेंसें वाटलें. लंडनच्या शाळांत ग्रेनाडा बेटांतून आलेले बर्नार्ड कोर्ड नांवाचे शिक्षक होते. मंदबुद्धि ठरविलेल्या मुलांसाठीं ज्या वेगळ्या शाळा असत, त्यांत ते शिकवीत. त्यांना असें दिसलें कीं, तेथें वेस्ट इंडियन मुलांची भरती संख्येच्या मानानें फारच अधिक आहे. १९७१ मध्यें त्यांनीं याविषयीं एक लहानसें पुस्तक लिहिलें, आणि त्यानें मोठी खळबळ उडाली. त्यांत दाखविलेल्या कारणांपैकीं एक होतें भाषा. मूल घरीं जें इंग्रजी बोलतें तें शिक्षकांच्या कानाला अशुद्ध लागतें. परीक्षेचे प्रश्न भलत्याच घरांतल्या मुलांना धरून काढलेले असतात. आणि मग जें केवळ निराळें आहे त्याला मंद असा शिक्का बसतो.

श्रोतेहो, तें वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलों. माझ्या वर्गांत एकदां डोंगराकडच्या खेड्यांतून आलेला एक मुलगा होता. "म्या न्हाई बगितलं" असें तो बोले. त्याच्या निबंधाच्या वहींत मीं तांबड्या शाईच्या इतक्या रेघा ओढल्या कीं, मूळचें अक्षर दिसेनासें व्हावें. एके दिवशीं स्नेहसंमेलनाच्या तालमींत तो आपल्या गांवच्या ओढ्याला आलेल्या पुराची हकीकत सांगूं लागला. सारा वर्ग चित्रासारखा स्तब्ध ऐकत होता. आणि मीं त्याला मध्येंच थांबवून म्हटलें, "'व्हतं' नव्हे, 'होतें' म्हण." त्यानें 'होतें' म्हटलें. पण पुढचें कांहीं त्याला आठवेना. तो खालीं बसला, आणि त्या वर्षांत पुनः बोलावयास उभा राहिला नाहीं. मीं व्याकरणाचा नियम बरोबर सांगितला होता, यांत शंका नाहीं. पण त्या पुराची हकीकत कोणासच पुरी ऐकावयास मिळाली नाहीं.

तेव्हां लंडनच्या त्या मुलांच्या डोक्यावर शाळेचें इंग्रजी होतें, घरीं आईबापांचें जमेकन इंग्रजी होतें, आणि गल्लींत पूर्व व दक्षिण लंडनच्या कष्टकरी लोकांची 'कॉकनी' बोली होती. त्यांत १९७९ सालीं चौथें इंग्रजी येऊन दाखल झालें. त्या वर्षीं 'रॅपर्स डिलाइट' ही अमेरिकन तबकडी इंग्लंडांतील खपाच्या यादींत तिसऱ्या जागीं पोंचली. १९८२ मध्यें 'द मेसेज' आली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं 'बफलो गॅल्स'. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन चौकांत मुलें पुठ्ठे अंथरून नव्या तऱ्हेचें नृत्य करूं लागलीं, आणि कांहीं जण तोंडानें रॅपहि म्हणूं लागले. मात्र तें म्हणतांना त्यांच्या तोंडीं न्यूयॉर्कचे उच्चार येत, न्यूयॉर्कच्या रस्त्यांचीं नांवें येत, आणि कधींहि न पाहिलेल्या गल्ल्यांची बढाई येई.

त्यांस हंसूं नये. तबकडी हेंच त्यांचें पाठ्यपुस्तक होतें, आणि पुस्तकांतला धडा जसा छापला असेल तसाच मुलें म्हणणार. एकलव्यानें मातीच्या मूर्तीपुढें विद्या साधली आणि दक्षिणा म्हणून अंगठा दिला; या मुलांनीं तबकडीपुढें विद्या साधली आणि जणूं आपली जीभच दक्षिणा म्हणून देऊन टाकली. शिवाय ऐकणारांचीहि समजूत तशीच होती. लंडनच्या उच्चारांत रॅप म्हटला तर लोक त्याला नक्कल किंवा विनोद समजत. आपली बोली गंभीर बोलण्यास लायक नाहीं, ही समजूत एकदां रुजली म्हणजे ती परक्यापेक्षां घरचेच लोक अधिक जपतात, हें महाराष्ट्रांतील माणसास वेगळें सांगावयास नको. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांच्या काळींहि संस्कृत सोडून मराठींत लिहिण्याबद्दल हीच शंका घेणारे होते.

या समजुतीवर पहिला घाव घातला तो रॅप-गायकांनीं नव्हे. जमेकांत जन्मलेले आणि लंडनांत वाढलेले कवि लिंटन क्वेसी जॉन्सन यांनीं आपल्या जमेकन बोलींत कविता लिहिल्या. त्यांचा 'ड्रेड बीट अँड ब्लड' हा संग्रह १९७५ मध्यें निघाला, आणि पुढें त्या कविता रेगे संगीताच्या तालावर तबकडींत उतरल्या. मग दक्षिण लंडनच्या लूइशम भागांत 'सॅक्सन' नांवाची कर्ण्यांची मंडळी निघाली. तींत पीटर किंग, पापा लेव्ही, टिपा आयरी, स्मायली कल्चर असे एकाहून एक चपळ जिभेचे वक्ते तयार झाले. नेहमींच्या दुप्पट वेगानें तालांत बोलण्याची हातोटी त्यांनीं नांवारूपास आणिली. त्यांपैकीं स्मायली कल्चर यांची 'कॉकनी ट्रान्सलेशन' ही १९८४ सालची तबकडी मला फारच आवडली. कॉकनी माणूस एखाद्या वस्तूला काय म्हणतो आणि जमेकन माणूस त्याच वस्तूला काय म्हणतो, याचा तो तालांत बांधलेला शब्दकोश आहे! शब्दार्थ पाठ करून घेण्यांत आम्हीं मास्तरांनीं जी हयात वेंचिली, तिला असें फळ येतें हें आधीं ठाऊक असतें, तर बरें झालें असतें.

एवढी भूमि तयार झाल्यावर 'लंडन पॉसी' मंडळी उभी राहिली. तींत प्रारंभीं चौघे होते : रॉडनी पी आणि बायोनिक हे दोघे शब्दांचे धनी; बिझ्निझ तबकड्यांवर; आणि सायफो हा तोंडानेंच ढोल-झांजा वाजविणारा. आपले तबलजी बोल म्हणून दाखवितात ना, तसेंच तें. फरक इतकाच कीं, येथें बोल म्हणणाऱ्यामागें तबला नसतो, तोंड हेंच वाद्य. १९८६ च्या सुमारास या तरुणांस 'बिग ऑडिओ डायनामाइट' या मंडळीबरोबर अमेरिकेच्या दौऱ्यावर जाण्याची संधि मिळाली. 'द क्लॅश' या गाजलेल्या मंडळींतून बाहेर पडलेले मिक जोन्स हे तिचे प्रमुख होते. ज्यांची स्वतःची एकहि तबकडी निघाली नव्हती, त्यांना या कलेच्या माहेरीं जावयास मिळालें.

माहेरीं जाऊन मनुष्य काय शिकतो? मला वाटतें, त्यांस तेथें असें दिसलें असावें कीं, न्यूयॉर्कचे गायक न्यूयॉर्कचे उच्चार करितात ते ढब म्हणून नव्हे, तर ते तेथलेच असतात म्हणून. ब्रॉन्क्सचा मुलगा ब्रॉन्क्ससारखा बोलतो. मग त्याचें खरें अनुकरण करावयाचें तर लंडनच्या मुलानें लंडनसारखें बोललें पाहिजे. नक्कल करावयाची ती उच्चाराची नव्हे, खरेपणाची. आणि न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना न्यूयॉर्कचीच नक्कल ऐकवून त्यांत नवलाई ती कसली? तें कांहीं असो. या मंडळीच्या बोलण्याचें वळण याच प्रवासाच्या सुमारास बदललें, हें मात्र खरें. परत आल्यावर ते कॉकनी आणि जमेकन या आपल्या दोन्ही बोली एकत्र करून रॅप म्हणूं लागले.

१९८७ मध्यें त्यांची पहिली तबकडी निघाली. तिच्या एका बाजूस मंडळीच्याच नांवाचें गाणें आणि दुसऱ्या बाजूस 'माय बीटबॉक्स रेगे स्टाईल' होतें. 'रेगे' हें जमेकाच्या संगीताचें नांव, आणि 'बीटबॉक्स' ही न्यूयॉर्कच्या हिप-हॉपची कला. म्हणजे नांवांतच दोन्ही प्रवाहांचा संगम झालेला. 'बिग लाइफ' या त्याच वर्षीं निघालेल्या स्वतंत्र कंपनीनें ती काढली. पुढच्या वर्षीं 'जस्टिस' या दुसऱ्या लहान कंपनीकडून 'मनी मॅड' बाहेर पडली.

येथें स्वतंत्र कंपनी म्हणजे काय तें सांगणें अवश्य आहे. तबकड्यांचा व्यापार त्या वेळीं थोड्याशा प्रचंड कंपन्यांच्या हातीं होता. त्यांचे स्वतःचे कारखाने, गाड्या, जाहिराती. परंतु बाहेरच्या कारखान्यांत पैसे भरून कोणासहि थोड्या प्रती काढून घेतां येत. मध्यभागीं नांवाऐवजीं कोरा पांढरा कागद चिकटविलेल्या अशा तबकड्या गाडींत घालून दुकानोदुकानीं पोंचविणें, ओळखीच्या वाजविणारांस एकेक देणें, आणि विक्री झाली तर त्या पैशांतून पुढचा खर्च भागविणें, असा तो गृहोद्योग होता. आपल्याकडे लहान मासिकें जशीं निघतात आणि चालतात, तसेंच म्हणाना.

आणि या तबकड्या लोकांच्या कानीं कशा पडत? मी स्वतः नभोवाणीवरून बोलत आहें, म्हणून ही गोष्ट जरा संकोचानेंच सांगतों : परवाना नसलेल्या नभोवाणी-केंद्रांवरून. लंडनच्या उंच चाळींच्या गच्चीवर चोरून तारा उभारावयाच्या, खालीं कोठेंतरी खोलींत बसून शनिवार-रविवारीं कार्यक्रम करावयाचे, आणि अधिकारी आले कीं यंत्र टाकून पळावयाचें! अशा केंद्रांपैकीं 'किस' नांवाचें केंद्र १९८५ मध्यें चोरून सुरू झालें, आणि १९९० मध्यें तेंच केंद्र रीतसर परवान्यानें चालूं लागलें. कायदा मोडणें बरें, असें मी म्हणत नाहीं. परंतु मोठ्या केंद्रांनीं दार लावून घेतलें असतां गल्लींतला आवाज गच्चीवरून बाहेर पडला, एवढें मात्र नमूद केलें पाहिजे.

आतां माझ्या आवडीच्या भागाकडे वळतों. बोली बदलल्यानें कवितेंत काय बदलतें? केवळ नाद? नव्हे, यमकच बदलतें. वर्ग या अर्थाचा इंग्रजी शब्द दक्षिण इंग्लंडांत 'क्लास' असा लांब 'आ' नें उच्चारितात. अमेरिकेंत तोच 'क्लॅस' होतो. अमेरिकन गायकास 'क्लॅस' आणि 'गॅस' यांचें यमक सहज जुळतें; लंडनच्या तोंडीं 'क्लास' आणि 'गॅस' जुळत नाहींत. उलट लंडनांत 'फार्स' मधला 'र' गिळतात, म्हणून 'क्लास' आणि 'फास' यांचें यमक होतें, तें अमेरिकेंत होत नाहीं. कॉकनी माणूस 'टीथ' ला 'टीफ' म्हणतो. लगेच 'लीफ' शीं त्याचें लग्न लागतें. म्हणजे ज्यानें उसना उच्चार घेतला, त्यानें उसनीं यमकेंहि घेतलीं. आणि यमकावरच ज्या कवितेचा पाया, तिच्यांत उसन्या यमकाबरोबर उसना विचारहि मागल्या दारानें शिरतो. उलट, आपल्या उच्चारावर येतांच जीं यमकें आजवर कोणीं वापरलींच नव्हतीं, त्यांचा सारा सांठा या तरुणांपुढें उघडला. आपल्याकडे बहिणाबाई चौधरींचीं गाणीं १९५२ मध्यें पुस्तकरूपानें निघालीं, तेव्हां खानदेशी बोलीच्या नादानें साऱ्या महाराष्ट्रास असाच गोड धक्का बसला होता.

१९९० मध्यें 'लंडन पॉसी'चा पहिला पूर्ण संग्रह 'गँगस्टर क्रॉनिकल' प्रसिद्ध झाला. तोंपर्यंत मंडळींत रॉडनी पी आणि बायोनिक हे दोघेच पुढें उरले होते. हा संग्रह 'मँगो'नें काढला. 'मँगो' ही 'आयलंड' या मोठ्या कंपनीची शाखा. संग्रहांत रेगेची डोलदार चाल आहे, दक्षिण लंडनची मिस्किली आहे, आणि दोघांनीं एकमेकांच्या तोंडांतला शब्द झेलून पुढें नेण्याची शाहीर आणि झीलकरी यांच्यासारखी जुगलबंदी आहे. दोषहि आहेत, ते झांकूं नयेत. भाषा जागोजाग शिवराळ आहे, दांडगाईची बढाई आहे, आणि घरांतल्या लहान मुलांपुढें सारीच गाणीं लावावींत असें मी म्हणणार नाहीं. परंतु आपल्या तमाशांतील सवाल-जबाबहि देवघरांत बसून ऐकण्यासाठीं कोठें रचले होते?

या निवडीची किंमत त्यांस द्यावी लागली. अमेरिकन वळणाच्या उच्चारांत रॅप म्हणणारा लंडनचा गायक डेरेक बी १९८८ मध्यें दूरदर्शनाच्या सर्वांत लोकप्रिय संगीत-कार्यक्रमांत चमकून गेला होता. 'लंडन पॉसी'ला तसें यश लाभलें नाहीं. जाणकारांनीं वाखाणिलें, मोठ्या बाजारानें फारसें विचारिलें नाहीं. १९९३ मध्यें 'हाऊज लाइफ इन लंडन' ही त्यांची तबकडी निघाली. लंडनची खुशाली विचारणारें तें नांवच सांगतें कीं, मंडळी आपल्या विषयापासून ढळली नव्हती. पुढें दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. दुसरा पूर्ण संग्रह कांहीं निघाला नाहीं.

एवढ्यावर कथा संपती, तर मी आपला वेळ घेतला नसता. पण जें बीं त्यांनीं पेरिलें तें उगवलें. १९९९ मध्यें दक्षिण लंडनच्याच रूट्स मनुव्हा यांचा पहिला संग्रह निघाला, तो उघड उघड जमेकन-लंडनी बोलींतला. २००३ मध्यें पूर्व लंडनच्या डिझी रास्कल या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाच्या पहिल्याच संग्रहास 'मर्क्युरी' पारितोषिक मिळालें; त्याची बोली कोणत्याहि अमेरिकनास पहिल्या झटक्यास कळली नसती. त्यानंतर लंडनच्या उच्चाराबद्दल कोणीं क्षमा मागितली नाहीं. इतकेंच नव्हे, तर भाषाशास्त्रज्ञांनीं लंडनच्या मुलांचें बोलणें पद्धतशीर टिपून घेतलें, आणि अनेक देशांतल्या घरांतून आलेल्या मुलांच्या संगतींतून तेथें इंग्रजीची एक नवीनच बोली घडली आहे, असा निर्णय दिला. तिला त्यांनीं 'बहुसांस्कृतिक लंडन इंग्रजी' असें नांव ठेविलें. ज्या बोलण्यापायीं एके काळीं मुलांस मंदबुद्धि ठरविलें जाई, त्याच तऱ्हेच्या बोलण्याचें आतां विद्यापीठांत व्याकरण लिहिलें जातें. आणि २०१३ मध्यें ब्रायटन येथील 'ट्रू थॉट्स' या स्वतंत्र कंपनीनें 'गँगस्टर क्रॉनिकल' पुनः प्रसिद्ध केला. तेवीस वर्षांनीं तो संग्रह लहान स्वतंत्र कंपनीच्या घरीं आला.

यावरून प्रमाण भाषा शिकवूंच नये, असा अर्थ कृपा करून कोणीं काढूं नये. अर्ज लिहावयास, कायदा वाचावयास, दूरच्या माणसाशीं बोलावयास प्रमाण भाषा लागतेच, आणि ती ज्याला येत नाहीं त्याची जगांत अडवणूक होते. रॉडनी पी आणि त्याच्या सोबत्यांसहि शाळेचें इंग्रजी येत नव्हतें असें नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, नवी भाषा द्यावयाची ती जुन्या भाषेच्या शेजारीं बसवून. जुनी हिसकावून घेऊन नव्हे. मुलानें आधीं आपली हकीकत आपल्या बोलींत शेवटपर्यंत सांगावी. मग त्याच हकीकतीचें प्रमाण भाषेंत रूपांतर करावयास लावावें. 'कॉकनी ट्रान्सलेशन' रचणाऱ्या गायकानें जें केलें, तें कोणत्याहि शिक्षकास वर्गांत करितां येण्यासारखें आहे, आणि त्याला तांबडी शाई लागत नाहीं.

माझा नातू सुटी संपवून घरीं जावयास निघाला, तेव्हां मीं त्याला विचारिलें, "तूंहि असें कांहीं रचतोस काय?" तो लाजला, आणि मग एक वही काढून वाचूं लागला. त्यांत अर्धें मराठी होतें, अर्धें हिंदी, आणि मधून मधून इंग्रजी. दोन-तीन ठिकाणीं लिंग चुकलें होतें, एके ठिकाणीं विभक्ति चुकली होती. जुन्या संवयीनें माझा हात खिशांतल्या पेनाकडे गेला. परंतु तो वाचीत होता, आणि मीं त्याला शेवटपर्यंत वाचूं दिलें.